मंगळवारचं टेबल

आहारतज्ज्ञ सारपोमाची खोली रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत होती, औषधांच्या कोठाराला लागून. खोली कसली, बोळच तो. दोन खुर्च्या, एक वजनकाटा, आणि भिंतीवर तिने स्वतः रंगवलेलं एक भलंमोठं ताट: अर्ध्यात भाजी, पाव भागात फुफू, म्हणजे उकडलेल्या कसाव्याचा कांडलेला गोळा, आणि पाव भागात मासा. रंग उडालेला होता, मासा तर ओळखूही येत नव्हता. पण कुमासी शहरात कुणा बाईला अंग जड झाल्यामुळे जिना चढवेनासा झाला, की लोक तिला ह्याच खोलीचा पत्ता सांगत. "मागे जा, औषधांच्या वासाच्या दिशेने. तिथे सारपोमा मॅडम बसते. तोंडाने फटकळ आहे, पण मनाने बरी आहे."

दहा-बारा वर्षं हे असं चाललं. मग डॉक्टर बायोर आले.

बायोर उत्तरेकडचे. उंच, किडकिडीत, आणि इतक्या हळू आवाजात बोलणारे की ऐकायला माणसाला वाकावं लागे. आल्यावर महिनाभर ते नुसते बघत राहिले, आणि एका मंगळवारी त्यांनी कोठारातून एक मोठं टेबल काढून बाहेरच्या मोठ्या खोलीत मांडलं.

"आपल्या बाया दारोदार फिरतात," ते म्हणाले. "माझ्याकडे गोळ्या, सिस्टर ओतिवाकडे रक्तदाब, सारपोमाकडे जेवण, ओडोंकोरकडे मनातलं. प्रत्येक जण तिला वेगळं सांगतो, आणि ती घरी जाऊन शेजारणीचं ऐकते. यापुढे आपण सगळे एकत्र बसायचं. बाईसुद्धा आपल्यासोबत बसेल. ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने टेबलावर ठेवायचं. एका माणसाचं वजन उतरवणं हे एकट्या माणसाचं काम नाही."

सारपोमाने मान डोलावली. कल्पना तिला पटली होती, कारण त्या टेबलाच्या मानाच्या जागी आपणच बसणार याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पण टेबलाबरोबर डॉक्टरांनी एक नवी मुलगीही आणली. एसिनाम तिचं नाव. व्होल्टा प्रांतातली, तिशीच्या आतली, व्यायामोपचार शिकून आलेली. पायात कापडी बूट, केस बारीक कापलेले, आणि सारखी हसणारी. ती सारपोमाला "आंटी" म्हणे आणि अदबीने किंचित गुडघा वाकवून नमस्कार करी. सारपोमाला तिच्यात नाव ठेवण्यासारखं काहीच सापडेना, आणि तेच तिला खटकलं.

पहिल्याच मंगळवारी टेबलाशी आली मामे बिरागो. मामे म्हणजे आई; वयाच्या बाईला तिकडे तसंच म्हणतात.

बिरागो म्हणजे सारपोमाची जुनी रुग्ण. सुआमे भागात, मोटारी दुरुस्त करणाऱ्यांच्या वस्तीत तिची खानावळ होती. तेलकट हातांचे मेकॅनिक दुपारी तिच्याकडे फुफू आणि ताडफळांचा रस्सा ओरपायला येत. तिचा देह अवाढव्य, आवाजही तसाच. गुडघे गेलेले, मधुमेह लागलेला. तीन वर्षं ती सारपोमाच्या खोलीत येत होती. दोन किलो उतरायचे, तीन चढायचे. पण ती यायची, खुर्चीत बसून घाम पुसायची, आणि तासभर गप्पा मारायची. "माझी मॅडम" म्हणायची. नाताळात अंडी आणायची. खरं सांगायचं तर त्या बोळात बिरागो आली की सारपोमाला घरी पाहुणं आल्यासारखं वाटे.

टेबलावर सगळ्यांचं बोलून झालं. डॉक्टर गोळ्यांबद्दल बोलले, सारपोमा रस्श्यातल्या तेलाबद्दल बोलली. मग एसिनामने विचारलं, "मामे, वजन उतरलं तर तुम्हाला काय करायचंय?"

बिरागोने आधी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाचायचंय."

"काय?"

"अडोवा. अगं, आमच्या गावच्या बायकांचा ताफा आहे. वीस वर्षं मी पुढे नाचले. पुढे म्हणजे सगळ्यांत पुढे! आता गुडघे वाकत नाहीत म्हणून मला मागे खुर्चीत बसवतात, टाळ्या वाजवायला. आणि पुढे कोण? फ्रेमा! केस विंचरायचं दुकान आहे तिचं. कंबर बघ तिची, मुसळाएवढी! तिला मी शिकवलं, मी! आमच्या गावची राणीमाता वारली. तिचा अंत्यसोहळा व्हायचाय, पावसाळ्यानंतर. त्या दिवशी मला पुढे नाचायचंय. नंतर मेले तरी चालेल."

सगळे हसले. सारपोमाही हसली, आणि मग मनात हिशेब करू लागली. तीन वर्षं! तीन वर्षांत ही बाई आपल्यासमोर बसून नवऱ्याबद्दल, सवतीबद्दल, कसाव्याच्या भावाबद्दल बोलली. आणि नाचाचं कधी बोलली नाही. का? तर आपण विचारलं नाही म्हणून. आपण फक्त विचारलं, काल काय खाल्लं?

तिथून सगळं सुरू झालं.

एसिनामने समोरचं रिकामं दालन मागून घेतलं. जुन्या खाटा बाहेर काढल्या, फोनवर अडोवाचे ढोल लावले, आणि बिरागोला खुर्चीत बसवूनच नाचायला लावलं. आधी नुसते हात. मग खुर्चीची पाठ धरून उभं राहून. मग दोन पावलं. बिरागोचं बघून इतर बायाही आल्या, कुणी मासळीवाली, कुणी शाळामास्तरीण. आठवड्यात तीन सकाळी त्या दालनातून ढोलांचा आवाज येई, आणि त्यावर बायकांचं खिदळणं. सारपोमाच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या होत्या, त्या कितीही घट्ट ओढल्या तरी आवाज आत शिरायचाच.

"चांगलं चाललंय हं पोरीचं," सिस्टर ओतिवा म्हणाली. ओतिवा आणि सारपोमा एका वर्षी नोकरीला लागलेल्या, एकाच डब्यातून जेवणाऱ्या.

"हो ना," सारपोमा म्हणाली. "नाचगाण्याने वजन उतरतं म्हणे. आपण उगाच एवढं शिकलो."

ओतिवाने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि डबा उघडला.

आता, खरं ते खरं. वजन उतरलं ते काही नुसत्या नाचाने नाही. सारपोमा सुआमेला जाऊन खानावळीत चुलीशेजारी उभी राहिली होती. फुफूचा गोळा कसा निम्मा करायचा, रस्श्यात कोंतोमिरेचा पाला आणि वांगी कशी वाढवायची, तेल कुठे कमी करायचं की मेकॅनिक लोक बोंब मारणार नाहीत, हे सगळं तिने बसवून दिलं. समुपदेशक ओडोंकोरने बिरागोशी बोलून एक गोष्ट शोधली: थोरला मुलगा अपघातात गेल्यापासून ही बाई कधी ताट घेऊन बसलीच नव्हती. पातेल्याशी उभ्या-उभ्या खायची, किती खाल्लं ते तिलाही कळायचं नाही. आता ती कामगार बायकांसोबत बसून जेवू लागली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. सगळ्यांचे हात लागले तेव्हा कुठे काटा खाली येऊ लागला.

पण ढोल कुणाला ऐकू येतो आणि निम्मा केलेला फुफूचा गोळा कुणाला दिसतो?

शहरातल्या एका रेडिओवाल्यांना बातमी लागली. ते आले ते थेट दालनात. फोटो काढले ते एसिनामचे, बिरागोचा हात धरून पाऊल टाकताना. दुसऱ्या सकाळी मिनीबसमध्ये, म्हणजे आमच्या त्रोत्रोत, चालकाने रेडिओ मोठा केला आणि सारपोमाने दहा अनोळखी माणसांच्या मध्ये बसून बिरागोचा आवाज ऐकला: "एसिनाम माझी लेक आहे. तिने मला माझे पाय परत दिले."

पुढे बिरागो बरंच बोलली. सारपोमा कान टवकारून ऐकत राहिली. डॉक्टरांचं नाव आलं. खानावळीचा पत्ता तर दोनदा आला. तिचं नाव आलं नाही.

"वा!" शेजारची बाई म्हणाली. "असली पोर पाहिजे, नाही का?"

"पाहिजे ना," सारपोमा म्हणाली, आणि एक थांबा आधीच उतरली.

त्याच आठवड्यात बिरागोने भेटी आणल्या. सारपोमाला अंड्यांचा ट्रे, नेहमीसारखा. आणि एसिनामच्या दालनाच्या दाराशी यामचे कंद, मांडीएवढे जाड, नव्या हंगामातले, दोरीने बांधलेले. सारपोमाला याम विशेष आवडतही नसत. तरी येता-जाता तिची नजर त्या मोळीवर जाई, आणि प्रत्येक वेळी ती मोळी तिला आधीपेक्षा मोठी दिसे.

असूयेची एक गंमत असते. ती माणसाला आळशी करत नाही, उलट कामसू करते. सारपोमा लवकर येऊ लागली, उशिरा जाऊ लागली. बायांना विचारी, "बरं वाटतंय ना? कशामुळे वाटतंय?" बाया म्हणत, "नाचामुळे, मॅडम." ती हसून पुढचं वजन करी. रात्री जेवताना नवऱ्याला सांगे, "बघ, त्या दालनात एक दिवस कुणीतरी पडेल." नवरा म्हणे, "मग सांग ना त्यांना." ती म्हणे, "माझं कोण ऐकतंय?"

अंत्यसोहळ्याला महिना-सव्वा महिना उरला असताना एका सोमवारी बिरागो तिच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. चालणं केवढं सुधारलं होतं! खुर्चीत बसताना हाताचा टेकूही घेतला नाही.

"मॅडम, तुला एक सांगते. टेबलावर नको बोलूस."

"काय झालं, मामे?"

"फ्रेमासाठी पुढच्या जागेचं कापड शिवायला टाकलंय. कळलं का? मला विचारलंसुद्धा नाही. म्हटलं, थांबा, दाखवतेच. सकाळची पेज सोडलीय मी. दुपारपर्यंत नुसत्या पाण्यावर असते. बघ, कंबर दिसायला लागली की नाही?"

सारपोमाच्या हातातला पेन थांबला. "आणि मधुमेहाची गोळी?"

"ती घेतेच की! गोळी कशी चुकवेन? डॉक्टर हळू बोलतो पण नजर फार कडक आहे त्याची."

"मामे, असं नका करू. गोळी घेतली की पोटात काहीतरी हवंच. त्यात तुम्ही नाचता. पेज घ्या, थोडी घ्या, पण घ्या."

"घेते, घेते," बिरागो म्हणाली. जशी बाई उधारी मागायला आलेल्या पाहुण्याला 'बघते, बघते' म्हणते, तशी. मग तिने सारपोमाच्या हातावर हात ठेवला. "तुला म्हणून सांगितलं. तू माझी सगळ्यांत जुनी. ती पोर चांगली आहे, पण तिला कळलं तर नाच बंद करेल."

सारपोमाला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. एसिनामला ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. टेबलाभोवती सगळे बसले. एसिनामने बिरागोला खुर्चीतून उठून दाखवायला सांगितलं, हात न टेकता, लागोपाठ. बिरागो उठली, बसली, उठली, आणि शेवटी कंबर जराशी मुरडून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर बायोर म्हणाले, "एसिनाम, पुढच्या महिन्यात अक्राला डॉक्टरांची सभा आहे. तू हे सगळं कसं बसवलंस ते तिथे सांग."

"मी एकटीने कुठे, डॉक्टर, सगळ्यांनी..."

"तू सांग," डॉक्टर म्हणाले. मग वळून, "सारपोमा मॅडम, जेवणाचं काही?"

सारपोमाने तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. बिरागो शेजारून तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. पण बिरागोसाठी ती थांबली असं म्हणणं खोटं ठरेल. तिच्या कानात अजून टाळ्या होत्या. तिला वाटलं, एकदा, फक्त एकदा, ह्या पोरीचं गणित चुकू दे. बिरागोला जरा थकवा येऊ दे, पाय जरा अडखळू दे, आणि हिला माझ्या दारात येऊन विचारू दे, आंटी, काय झालं असेल?

"सगळं ठरल्याप्रमाणे," ती म्हणाली.

बिरागोने टेबलाखालून तिचा गुडघा थोपटला.

गुरुवारी सकाळी दालनातले ढोल मध्येच थांबले.

सारपोमा एका म्हाताऱ्याला खारवलेल्या मासळीबद्दल समजावत होती. ढोल थांबले, आणि त्यांच्यामागून येणारं हसूही थांबलं. मग कुणीतरी किंचाळलं. ती म्हाताऱ्याला तसाच सोडून धावली. अंगण ओलांडताना तिला पुढे काय दिसणार हे आधीच माहीत होतं.

बिरागो फरशीवर आडवी होती. अंग घामाने निथळत होतं, ओठ पांढरे, आणि ती मेलेल्या मुलाचं नाव घेऊन काहीतरी असंबद्ध बरळत होती. एसिनामने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"कळत नाही काय झालं!" एसिनाम ओरडली. "एकदम वेड्यासारखं बोलायला लागल्या, मला ओळखेनात, आणि पडल्या. हृदय असेल का? आंटी, हृदय असेल का?"

"साखर!" सारपोमा किंचाळली. "ओतिवा! साखर उतरलीय तिची, साखर बघ आधी!"

ओतिवाने बोट टोचलं, आकडा पाहिला आणि सलाइनकडे धावली. शिरेतून साखर गेली. थोड्या वेळाने बिरागोने डोळे उघडले, आजूबाजूच्या बायांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ढोल का थांबवले?"

बाया रडता रडता हसल्या. मग बिरागोने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला आणि किंकाळी फोडली. मनगट मोडलं होतं. अडोवात पायांपेक्षा हात जास्त बोलतात. दुःख, मान, निरोप, सगळं मनगटाच्या वळणात असतं. प्लास्टर सोहळ्यापर्यंत निघणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेबलाभोवती सगळे पुन्हा बसले. मंगळवार नव्हता, पण अधीक्षक आले होते. जाडजूड, गंभीर गृहस्थ. बिरागोला चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं, हात गळ्यात बांधलेला.

"दोष माझा आहे," एसिनाम म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "नाच सुरू करण्याआधी मी विचारायला हवं होतं."

"माझा आहे," डॉक्टर बायोर म्हणाले. "खाणं कमी झालंय हे कळलं असतं तर गोळी मी निम्मी केली असती. मला कळलं नाही."

"कुणाचा नाही," बिरागो म्हणाली. "माझा. पेज मीच सोडली. मी कुणालाही सांगितलं नव्हतं."

कुणालाही. ती सारपोमाकडे बघतही नव्हती. भिंतीकडे बघत होती.

"एक मात्र सांगते," ओतिवा अधीक्षकांना म्हणाली. "ही सारपोमा नसती तर आपण हृदयाच्या मागे धावत वेळ घालवला असता. ती दारातूनच ओरडली, साखर बघा म्हणून."

अधीक्षकांचा चेहरा खुलला. "याला म्हणतात अनुभव!" ते म्हणाले. "डॉक्टर, मला वाटतं तूर्त ते दालन बंद ठेवा. आणि हे सगळं काम सारपोमा मॅडमच्या देखरेखीखाली द्या. अक्रालाही त्यांनाच पाठवा. इतकी वर्षं इथे आहेत, आपण त्यांची कदर केली नाही."

टेबलाभोवती माना हलल्या. एसिनामनेही मान हलवली. डोळे खाली, पण मनापासून. "बरोबर आहे," ती म्हणाली. "आंटींनी वाचवलं त्यांना."

इतके महिने सारपोमाने मनातल्या मनात हाच प्रसंग रंगवला होता. अशाच माना, असेच शब्द. आणि आता तो समोर आला तर तिला तो गोड लागेना. मिळायचं ते मिळालं होतं, आणि ते कशाच्या बदल्यात मिळालं ते खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. त्यातली एक तिच्यासाठी मोडका हात घेऊन खोटं बोलत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?" अधीक्षक म्हणाले.

"पेज सोडल्याचं. सोमवारी मामेनी मला सांगितलं होतं. गोळी चालू आहे हेही सांगितलं. साखरच असणार हे म्हणून कळलं. अनुभव नाही त्यात काही."

"सोमवारी?" डॉक्टर बायोरनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षाही हळू. "मंगळवारी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, सगळं ठरल्याप्रमाणे."

"हो."

"तिने शपथ घातली होती म्हणून?" ओतिवाने मध्ये दोरी टाकून पाहिली.

सारपोमाला ती दोरी धरता आली असती. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही टाळ्या वाजवत होतात म्हणून."

कुणालाच लगेच अर्थ लागला नाही. एसिनामला लागला. तिने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग खुर्ची मागे सरकवून बाहेर निघून गेली.

अधीक्षकांनी सारपोमाला जे सुनवायचं ते आपल्या खोलीत नेऊन सुनवलं, आणि ते सोपं नव्हतं. पण टेबलावरून तिला उठवायचं की नाही हा निर्णय त्यांनी बायोरवर सोडला. बायोर म्हणाले, "बसा. पण यापुढे सुरुवात तुमच्यापासून. मी विचारायची वाट बघायची नाही. तुमच्यावर पुन्हा भरवसा बसायला मला वेळ लागेल, हेही सांगून ठेवतो."

ओतिवाने तर दोन दिवस डबा वेगळा उघडला. तिसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसली. "अगं, चुलीने जळावं," ती म्हणाली, "तो तिचा धर्मच आहे. पण वरचं अन्न करपवू नये."

ओतिवाने आपल्या डब्यातला माशाचा तुकडा तिच्या डब्यात टाकला.

दालन पुन्हा उघडलं. आता नाचाआधी प्रत्येक बाईचं बोट टोचलं जाई, आणि काय खाल्लं ते सारपोमा दारात उभी राहून विचारी. एसिनाम तिच्याशी कामापुरतं बोले. "आंटी" म्हणे, पण गुडघा वाकवत नसे. अक्राला तीच गेली. परत आल्यावर सगळ्यांना तिकडची बिस्किटं वाटली. सारपोमाच्या टेबलावरही एक पुडा ठेवला, ती खोलीत नसताना.

अंत्यसोहळा शनिवारी होता. बिरागोने सगळ्यांना बोलावलं होतं. काळी आणि लाल वस्त्रं नेसून माणसं मैलभर पसरली होती, मांडवांखाली खुर्च्यांच्या रांगा, आणि मध्ये ढोलांचा असा गजर की छातीच्या फासळ्या थरथराव्यात. बिरागो पहिल्या रांगेत बसली होती, प्लास्टरवर काळं कापड गुंडाळून. तिने सारपोमाला हात करून शेजारी बसवलं. सारपोमाच्या पलीकडे एक खुर्ची सोडून एसिनाम बसली.

पुढे फ्रेमा नाचत होती.

"बघ," बिरागो म्हणाली. "मनगट बघ तिचं. हे वळण माझं. ते, ते बघ, तेही माझं."

"छान नाचते," सारपोमा म्हणाली.

"ते मलाही दिसतंय!" बिरागो फणकारली. "सकाळपासून मनात म्हणतेय, हिचा पाय मुरगळो. दहादा म्हणून झालं."

सारपोमाला हसू आलं. "आणि मुरगळला तर?"

"मग राणीमातेला पोचवणार कोण? मी, ह्या हाताने?" तिने प्लास्टर वर करून दाखवलं.

"मामे," सारपोमा म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"तू माझ्यासाठी बोलली होतीस ना? टेबलावर?"

"नाही," सारपोमा म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

"ठाऊक आहे," बिरागो म्हणाली. "मला ती नजर कळते. घरचीच आहे."

ढोलांची लय चढली. फ्रेमा वाकली, वळली, दोन्ही हात हळूहळू डोक्यावर नेऊन रिकामे झाल्यासारखे खाली सोडले. मांडवातून हुंकार उठला. आणि बिरागो उठली. खुर्चीला हात लावला नाही, कुणाचा आधार घेतला नाही. सरळ उभी राहिली आणि गर्दीतून वाट काढत, जड पण स्थिर पावलांनी मध्यभागी गेली. तिने डावा हात उंच केला आणि दोन बोटं फ्रेमाच्या डोक्यावर धरली, चांगल्या नाचणारीला थोरांनी द्यायचा तो मान. फ्रेमाने नाचतानाच वर पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. बिरागोचा चेहरा मात्र दगडासारखा होता. बोटं तिने चांगली लांबवर धरून ठेवली.

"हात न टेकता उठल्या," एसिनाम स्वतःशीच म्हणाली.

सारपोमाच्या मनात ओळखीची कळ आली. त्या गुडघ्यांवरचा भार कुणी उतरवला, फुफूचा गोळा कुणी निम्मा केला, हे सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं. "हो," ती म्हणाली. "गुडघे चांगले तयार केलेस तू."

एसिनामने तिच्याकडे पाहिलं. मधल्या रिकाम्या खुर्चीवर तिने आपली पिशवी ठेवली होती, ती उचलून मांडीवर घेतली. सरकून जवळ मात्र आली नाही.

"सकाळी पेज खाल्लीय त्यांनी," ती म्हणाली. "मी आल्या आल्या विचारलं."

"मीही विचारलं," सारपोमा म्हणाली.

"मला म्हणाल्या, सोबत चवळीची भजीपण खाल्ली."

भज्यांचं सारपोमाला सांगितलं नव्हतं. तिने दात आवळले, आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं, मोठ्याने, अंत्यसोहळ्यात शोभणार नाही असं.

"काय झालं, आंटी?"

"काही नाही," सारपोमा म्हणाली. "मंगळवारी टेबलावर सांग. किती तेलात तळली ते विचारायला हवं."